विलीनीकरणाचा हिशेब, धाराशिवच्या बाजूने

१९९५ साली महाराष्ट्र सर्कलमध्ये मोबाइलचे दोन खासगी परवाने दिले गेले. एक बिर्लांच्या कंपनीला, दुसरा बीपीएलला. बिर्लांची कंपनी पुढे बिर्ला एटी अँड टी झाली, मग टाटांचा हात धरून बिर्ला टाटा एटी अँड टी झाली आणि २००२ मध्ये आयडिया या नावाने बाजारात उभी राहिली. बीपीएलचा महाराष्ट्रातला धंदा २००६ च्या सुमारास हचकडे गेला, २००७ मध्ये हचची व्होडाफोन झाली आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. म्हणजे ज्या दोन कंपन्यांनी एकमेकांशी स्पर्धा करावी म्हणून सरकारने दोन परवाने दिले, त्या दोघींचा संसार आज एकाच घरात चालू आहे. एप्रिल २०२५ पासून त्या घराचा ४८.९९ टक्के मालक भारत सरकार आहे. स्पर्धा आणायला निघालेले सरकार तीस वर्षांनी प्रतिस्पर्ध्यांच्याच घरात भागीदार होऊन बसले.

ही गोष्ट बहुतेकांना मोबाइलच्या नावांवरून माहीत असते. धाराशिवच्या बाजारपेठेत आजही जुने व्यापारी नंबरचे पहिले चार आकडे ऐकून सांगतात: ९८२२ बिर्लांचा, ९८२३ बीपीएलचा, ९४२२ बीएसएनएलचा, ९८९० एअरटेलचा. नंबर तोच, बिल पाठवणारे तीनदा बदलले. मात्र टेलिफोन कंपन्यांच्या गिळंकृत होण्याचा खरा धडा मोबाइलच्या पाट्यांपेक्षा दुसऱ्याच एका कंपनीत आहे. ती धंदेवाल्यांना टेलिफोन देण्यासाठी जन्मली, दोनदा नाव बदलली, अर्धी एअरटेलच्या पोटात गेली आणि अर्धी अजून जिवंत आहे. तिचे आजचे नाव टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र). शेअर बाजारात तिला टीटीएमएल म्हणतात.

टीटीएमएलचा जन्म १९९५ चा, नाव ह्यूज इस्पात. अमेरिकेच्या ह्यूजचे तंत्र आणि इस्पात समूहाची भारतातली ओळख असा हा जोड होता. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने घरगुती व व्यापारी टेलिफोनच्या, म्हणजे तारेच्या, धंद्यातही खासगी कंपनीला वाट करून दिली. एका सर्कलमध्ये दूरसंचार खात्याच्या जोडीला एक खासगी कंपनी, अशी ती योजना. देशात सहाच कंपन्या शेवटपर्यंत टिकल्या: मध्य प्रदेशात भारती, गुजरातेत रिलायन्स, आंध्रात टाटा, राजस्थानात श्याम, पंजाबात एस्सारकडून पुढे एचएफसीएलकडे गेलेला परवाना आणि महाराष्ट्रात ह्यूज इस्पात. परवाना १९९७ मध्ये पक्का झाला, सेवा १९९८ मध्ये सुरू झाली. परवान्याच्या हद्दीत मुंबई होती, गोवा होते आणि कागदोपत्री धाराशिव जिल्ह्यातले परांडा, भूम, वाशी, लोहाराही होते.

कागदोपत्री हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. कंपनीने सेवा सुरू केली ती मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. गिऱ्हाईक कोण, तर बँका, दलाली पेढ्या, सॉफ्टवेअर कंपन्या, हॉटेले, कारखान्यांची मुख्य कार्यालये. इमारतीच्या तळघरापर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची, तिथे यंत्र बसवायचे आणि एकाच जोडणीतून तीस बोलण्यांची सोय द्यायची, ज्याला ऑफिसातले लोक आजही पीआरआय लाइन म्हणतात. दूरसंचार खात्याकडे अर्ज करून वाट पाहत बसलेल्या कार्यालयांना ही कंपनी देवासारखी भेटली असणार. लिलावात कबूल केलेली परवाना फी इतकी डोईजड होती की पैसा मिळेल तिथेच तार टाकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. एका कार्यालयाकडून जे बिल महिन्याला येते, ते एखाद्या अख्ख्या गावाकडून वर्षभरात येणार नाही, हा हिशेब कोणीही मांडला असता.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. म्हणून परवान्यात अट होती की खासगी कंपनीने दिलेल्या जोडण्यांपैकी दहा टक्के गावोगावच्या सार्वजनिक टेलिफोनच्या असाव्यात. कंपन्यांनी ही अट बहुतांशी वाऱ्यावर सोडली. दंड भरणे स्वस्त आणि गावात खांब रोवणे महाग, असे गणित असेल तर कंपनी दंडच भरते. शेवटी गावातला फोन पोहोचवला तो सरकारी यंत्रणेनेच, आधी दूरसंचार खात्याने, १ ऑक्टोबर २००० नंतर बीएसएनएलने. त्यासाठी पुढे सर्व कंपन्यांच्या उत्पन्नातून कापलेल्या पैशाचा वेगळा निधी उभारावा लागला. त्या काळात ज्याच्या दारापर्यंत तार आली, त्याच्याकडे ती सरकारचीच आली. व्यवसायाच्या कार्डांवर याचा पुरावा अजून सापडतो. पुण्यातल्या कार्यालयाचा नंबर २ ने सुरू झाला तर बीएसएनएल आणि ६ ने सुरू झाला तर बहुतेक टाटा. धाराशिवच्या ०२४७२ मागे किंवा तुळजापूरच्या ०२४७१ मागे पाहा, तारेचा फोन असेल तर बहुतेक वेळा २ चाच आकडा दिसेल.

इथे एक आडवळण घ्यायला हरकत नाही. मोठ्याने लहानाला घेण्याचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. येडशी आणि ढोकीवरून धावणारी बार्शी लाइट रेल्वे ही लंडनला नोंदलेली खासगी कंपनी होती, ती १९५४ मध्ये सरकारने घेतली. निजामाच्या मुलखाचे डाक-तार १९५० मध्ये भारत सरकारच्या खात्यात मिसळले. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत गेली आणि मराठवाड्यातल्या असंख्य पासबुकांवरचे हैदराबाद पुसले गेले. या तिन्हींत एक फरक ध्यानात ठेवावा. रेल्वे, डाक आणि बँक घेणाऱ्यांनी जिल्ह्यात होते ते सगळे घेतले. टेलिफोन कंपनीच्या बाबतीत घेणाऱ्याने काय घेतले आणि काय सोडले, हाच प्रश्न आहे.

१९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक परवाना फी जाऊन उत्पन्नातला वाटा आला आणि ह्यूजला श्वास घेता आला. २००० मध्ये तिने नाव ह्यूज टेलिकॉम असे लावून भांडवल बाजारात पाऊल टाकले. पण मुंबईत महानगर टेलिफोन निगम आणि बाहेर बीएसएनएल अशा दोन सरकारी हत्तींमध्ये, वर मोबाइलचे दर कोसळत असताना, तारेचा फोन विकून कर्ज फेडणे अशक्य होत चालले होते. २००२ च्या अखेरीस टाटांनी कंपनी घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत टाटांनी विदेश संचार निगमचा २५ टक्के हिस्सा सरकारकडून विकत घेतला होता. एका घरात परदेशी कॉलची कंपनी, दुसरीकडे आंध्रातली टाटा टेलिसर्व्हिसेस आणि तिसरीकडे महाराष्ट्राचा परवाना. टाटांचे त्या वर्षीचे मनसुबे यावरून समजतात. २००३ च्या सुरुवातीला ह्यूजची पाटी उतरली.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने ही कंपनी खरी अवतरली ती त्यानंतर, तारेशिवाय. २००३ च्या एकत्रित परवान्याने तारेच्या परवान्यावर मोबाइल देण्याची मुभा आली. रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात ठेवून बाजार उलथवला होता आणि टाटा इंडिकॉम त्याच सीडीएमए तंत्रावर मागोमाग आली. तिचे वॉकी नावाचे यंत्र आठवा: टेबलावर ठेवायचा फोन, मागे छोटा अँटेना, आत सीडीएमएची यंत्रणा, तारेचा पत्ता नाही. दिसायला लँडलाइन, चालायला मोबाइल. आडत दुकानाच्या गल्ल्यावर, औषधांच्या दुकानात, लॉजच्या काउंटरवर ठेवायला हे यंत्र बरे होते, कारण ते कोणी खिशात घालून नेत नसे आणि दुकानाचा नंबर दुकानातच राहत असे. लाइनमनची वाट पाहणे नाही, पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरणे नाही. वीज गेली तरी आतली बॅटरी काही वेळ साथ देई. या जिल्ह्याला विजेचा लहरीपणा काय असतो हे सांगायची गरज नाही. माझ्या मते टाटांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण व्यापाऱ्यासाठी केलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी झाली.

जाहिरात झाली ती डोकोमोची. नोव्हेंबर २००८ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये २६ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला, २००९ मध्ये जीएसएम सेवा आली आणि मिनिटाऐवजी सेकंदाला एक पैसा हा दर आला. बाकीच्यांना तो दर लावावाच लागला. ग्राहकाचे भले झाले, धंद्याचे नाही. करारात डोकोमोने एक कलम घालून घेतले होते: ठरल्याप्रमाणे वाढ झाली नाही तर आमचा हिस्सा निदान अर्ध्या किमतीला परत घ्या. २०१४ मध्ये जपान्यांनी ते कलम दाखवले. रिझर्व्ह बँकेचे नियम आडवे आले, प्रकरण लंडनच्या लवादात गेले आणि २०१७ मध्ये टाटांनी सुमारे १.१८ अब्ज डॉलर मोजून ते मिटवले. दरम्यान ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली होती. ज्यांच्याकडे सीडीएमएचे जुने जाळे आणि थोडेसे थ्रीजी होते, त्यांचा खेळ तिथेच संपला.

१२ ऑक्टोबर २०१७ रोजी जाहीर झाले की टाटांचा ग्राहकी मोबाइल व्यवसाय एअरटेल घेणार. विकत घेणार म्हणणे जरा धाडसाचे होईल. कर्ज टाटांकडे राहणार, रोकड द्यायची नाही, फक्त स्पेक्ट्रमच्या बाकी हप्त्यांपैकी काही भार एअरटेलने उचलायचा. १९ सर्कलमधले चार कोटींहून अधिक ग्राहक आणि १७८.५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम एअरटेलला जवळजवळ आंदण मिळाले. मंजुऱ्यांचे सोपस्कार होऊन १ जुलै २०१९ रोजी विलीनीकरण पुरे झाले. टीटीएमएलच्या भागधारकांना ठरलेले प्रमाण होते २,०१४ शेअरमागे एअरटेलचा एक शेअर. दोन हजार शेअर वर्षानुवर्षे सांभाळून ठेवणाऱ्याला एक पूर्ण शेअरही मिळाला नाही. मूळ शेअर मात्र हातात राहिले, कारण कंपनी संपली नव्हती.

आणि इथे गोष्टीला पीळ बसतो. एअरटेलने मोबाइल नेला, पण तारेचा आणि व्यवसायांचा धंदा टाटांकडेच राहिला. नवी मुंबईत तुर्भ्याला मुख्य कार्यालय असलेली ती कंपनी आज टाटा टेली बिझनेस सर्व्हिसेस या नावाने कार्यालयांना इंटरनेट लीज्ड लाइन, पीआरआय, टोल फ्री नंबर, क्लाउडवरची टेलिफोनी असे विकते. १९९८ मध्ये ह्यूज जे करत होती तेच, नव्या कपड्यांत. आपल्या जिल्ह्यापर्यंत जो अर्धा भाग पोहोचला होता तो एअरटेलमध्ये विरून गेला. जो टिकला तो धंदेवाल्यांसाठीच होता, पण त्याचे घरदार कायम मोठ्या शहरांत राहिले. धाराशिवच्या व्यापाऱ्याच्या वाट्याला या विलीनीकरणातून आला तो वजाबाकीचा आकडा.

उरलेल्या कंपनीचा बाजारातला तमाशा वेगळाच. २०२० मध्ये दोन-तीन रुपयांना मिळणारा टीटीएमएलचा शेअर जानेवारी २०२२ मध्ये २९० रुपयांपर्यंत गेला. टाटांचे नाव, क्लाउड हा शब्द आणि रोज लागणारे अप्पर सर्किट. मग कंपनीने सरकारी थकबाकीवरच्या व्याजाचे शेअरमध्ये रूपांतर करण्याचा विचार जाहीर केला आणि शेअर रोज लोअर सर्किटला लागू लागला, पुढे तो विचार सोडूनही दिला गेला. २०२२-२३ मध्ये तिची उलाढाल सुमारे अकराशे कोटी रुपये होती आणि तोटाही जवळपास तेवढाच, मुख्यतः जुन्या कर्जावरच्या व्याजापायी. ज्यांनी तालुक्याच्या गावात बसून मोबाइलवरून हा शेअर वरच्या भावात घेतला, त्यांना या उरलेल्या कंपनीने सेवा दिली नाही, धडा मात्र घरपोच दिला.

आता निवाडा करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विलीनीकरण झाले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर त्याच वर्षांत समोर आले. एअरसेल फेब्रुवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्या ग्राहकांची नंबर वाचवण्यासाठी धावाधाव झाली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाइल सेवा बंद केली. टाटांच्या ग्राहकांचे नंबर चालू राहिले, वितरकांचा हिशेब एअरटेलशी जुळला. बंद पडण्यापेक्षा विकले जाणे केव्हाही बरे. टेलिनॉरही मे २०१८ मध्ये एअरटेलमध्येच गेली आणि कोणाची झोप उडाली नाही. शिवाय आज सामान्य माणसाला इंटरनेट ज्या दरात मिळते, तो २०१० च्या डझनभर कंपन्यांच्या गर्दीत मिळत नव्हता. हे सगळे मान्य.

तरीही जिल्ह्याच्या बाजूने बघितले तर नियमांत एक भगदाड आहे. फेब्रुवारी २०१४ च्या विलीनीकरणाच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार नव्या कंपनीचा बाजारातला वाटा ५० टक्क्यांपर्यंत असावा, अधिक झाला तर वर्षभरात खाली आणावा. हा वाटा मोजायचा कशात, तर परवान्याच्या सर्कलमध्ये. मोबाइलसाठी महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र, अधिक गोवा. पुणे, नागपूर, नाशिक, पणजी एका टोपलीत आणि त्याच टोपलीत कळंब आणि लोहारा. पुण्यात चार कंपन्या झगडत असतील आणि एखाद्या तालुक्यात एकच कंपनी धडपणे चालत असेल, तर सरासरीत ती मक्तेदारी दिसणारच नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणही ग्राहकसंख्या दर महिन्याला सर्कलनिहाय छापते. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांची वस्ती असलेला आणि २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेला आपला जिल्हा त्या तक्त्यात कुठेच नसतो. सर्कलची ही रेषा उमरग्याला फार चांगली कळते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर थोडे पुढे गेले की कर्नाटक सर्कल लागते आणि रोमिंगचे दर संपेपर्यंत सीमेवरच्या व्यापाऱ्यांनी त्या रेषेचे पैसे मोजले आहेत.

तारेच्या जोडणीचे तर याहून वाईट. ती द्यायची जबाबदारी ज्या बीएसएनएलवर पडली, तिथून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ३१ जानेवारी २०२० ला ७८,५६९ कर्मचारी बाहेर पडले. तांब्याची केबल कुठून कुठे जाते हे डोक्यात ठेवणारी अनेक माणसे त्यांच्याबरोबर गेली. गावागावांत फायबर नेण्यासाठी २०१२ मध्ये काढलेली भारत ब्रॉडबँड नेटवर्क ही सरकारी कंपनीसुद्धा बीएसएनएलमध्येच मिसळण्याचा निर्णय जुलै २०२२ मध्ये झाला. म्हणजे सरकारातही मोठ्याने लहानाला घेतले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापासून भूमच्या खव्याच्या भट्टीपर्यंत आणि तुळजापूरच्या भक्त निवासापर्यंत सगळे आज बिल, जीएसटी, क्यूआर कोड यांवर चालते; आणि त्याच्या मुळाशी असलेली जोडणी पुरवणारे खरे पर्याय दोन-तीनच उरतात. नवरात्रात तुळजापुरात लाखोंची गर्दी झाली की यूपीआयचे चाक फिरत राहते, याचा अर्थ फक्त एवढाच की अजून जिथे गर्दी तिथे कंपन्या येतात.

बँकांनी यावर आपला तोडगा काढला. शाखेच्या गच्चीवर दिसणारी पांढरी तबकडी म्हणजे व्हीसॅट. तार तुटली तरी उपग्रहावरून शाखा चालते. पण तिथेही कथा तीच. व्हीसॅटच्या धंद्यात देशात मोठ्या म्हणाव्यात अशा दोन कंपन्या, ह्यूज आणि एअरटेल, यांनी जानेवारी २०२२ मध्ये आपले धंदे एकत्र केले, ६७ टक्के ह्यूजचे आणि ३३ टक्के एअरटेलचे. ह्यूजचा महाराष्ट्रातला तारेचा फोन टाटांकडे गेला, टाटांचा मोबाइल एअरटेलकडे गेला आणि एअरटेलचा व्हीसॅट ह्यूजकडे गेला. एवढी सोयरीक पाटलांच्या घरांतही होत नसेल.

टॉवरचेही तेच. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून काढलेली इंडस टॉवर्स नोव्हेंबर २०२० मध्ये भारती इन्फ्राटेलशी एक झाली. टाटांचे टॉवर व्हायोममार्गे अमेरिकन टॉवरकडे आणि तिथून पुढच्या मालकांकडे गेले. पुष्कळ ठिकाणी दोन कंपन्यांचे अँटेना एकाच लोखंडी मनोऱ्यावर, एकाच डिझेल जनरेटरवर आणि एकाच फायबरवर असतात. म्हणून एका कंपनीची लाइन बंद पडली तर दुसऱ्या कंपनीची चालेल, हा व्यापाऱ्याचा भरवसा बऱ्याचदा फोल ठरतो.

मागणी साधी आहे. विलीनीकरणाची परवानगी देताना बाजारातला वाटा जिल्हावार मोजावा आणि नियामकाने ग्राहकसंख्या जिल्हावार छापावी. कंपन्यांकडे टॉवरनिहाय आकडे आहेतच, त्यामुळे अशक्य काही नाही. तोपर्यंत जिल्ह्यातल्या कारखानदारांनी, आडत्यांनी, रुग्णालयांनी एवढे करावे: दुसरी जोडणी घेताना विक्रेत्याकडून लेखी घ्यावे की ही जोडणी पहिलीपेक्षा वेगळ्या मनोऱ्यावर आणि वेगळ्या फायबरवर आहे. लिहून द्यायला तयार नसेल, तर ती दुसरी जोडणी नाही, पहिलीचेच दुसरे बिल आहे.